पाळीची बंदूक

पोलीस खात्यात उभा जन्म गेला तरी फार थोडी प्रकरणे माणसाबरोबर घरी येतात. खानापूर तालुक्यातले हे एक प्रकरण माझ्याबरोबर आले आणि अजून मुक्कामाला आहे. त्यातल्या कुणाचे नाव मी घेणार नाही, गावाचेही नाही. लोंढ्याच्या बाजूचे, रानाला लागून असलेले भातशेतीचे गाव, एवढे पुरे. काळ इंग्रजी अमदानीतला, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोडा आधीचा. मी त्या भागाचा फौजदार होतो.

आधी बंदुकीबद्दल सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या दुनळी बंदुका मी पुष्कळ पाहिल्या. रविवारी तळ्यावर बदके मारायची आणि सोमवारपासून त्यांच्या गप्पा मारायच्या, एवढेच त्यांचे काम. गावची बंदूक वेगळी. ती एकनळी आणि ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, तिच्यावर काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या आणि गजाने ठासायचे. रानडुकरांचा कळप खाचरात शिरला की एका रात्रीत घरचे वर्षाचे भात तुडवून जातो. डबे बडवले तर डुकरे दोन दिवस पळतात, नंतर डब्यांच्या तालावर जेवतात. बंदुकीला मात्र ती भितात. छर्रे पसरत जात असल्यामुळे अंधारातही फार नेमबाजी लागत नाही. माकडांना नुसता आवाज पुरतो, बिबट्याही त्या गावाच्या गोठ्यांपासून लांब राहतो. शिवाय जत्रेत पालखी उठताना आणि लग्नाची वरात वेशीत शिरताना एक बार हवाच. मलाही बंदूक आवडते, हे कशाला लपवू? खांद्याला दस्ता टेकला की खंगलेला माणूससुद्धा ताठ उभा राहतो.

परवाना पीक राखण्यासाठी होता आणि तो गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्याच्या नावावर होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. दरवर्षी परवाना नवा करून घ्यायला ते बंदूक घोंगडीत गुंडाळून मामलेदार कचेरीत आणायचे. नवी सून दाखवावी तशी ती उलगडून दाखवायचे. कायद्याने ती बंदूक आप्पांखेरीज कुणी उचलायची नव्हती.

सुगीच्या तोंडावर एका सकाळी त्या गावच्या पोलीस पाटलाची वर्दी आली. गावाचा जावई ओढ्यात मरून पडला होता, अंगात छर्रे होते. हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी घोड्यावरून निघालो. मृत माणूस बेळगावजवळच्या शहापूरचा विणकर, वयाने तिशीच्या आतला. बायको माहेरी आली होती, तिला न्यायला आला होता. प्रेत ओढ्याच्या कडेला दगडगोट्यांत पालथे पडले होते. मानेवर आणि छातीवर जखमा होत्या. पंच बोलावून पंचनामा केला. एवढ्या जखमा आणि खाली दगडांवर रक्त जवळजवळ नाही, हे मी त्यात मुद्दाम लिहून घेतले.

गावकऱ्यांचे म्हणणे एकच, आणि ते सगळ्यांच्या तोंडी एकाच शब्दांत होते. रानात चोरून शिकार करणारे येतात, त्यांच्यापैकी कुणाचा तरी बार लागला असेल. दहा माणसे एकच वाक्य बोलू लागली की मी सावध होतो. खरे बोलणारी माणसे एकमेकांशी थोडी तरी भांडतात. आप्पांच्या घरी गेलो तर बंदूक देवघराच्या शेजारी खुंटीवर होती, नळी धुऊन, तेल लावून. ती मी जप्त केली.

खबर मिळाली ती मेलेल्याच्या बायकोकडून. दिवसकार्य होताच ती शहापूरहून सासूबरोबर ठाण्यात आली. रडून रडून आवाज बसला होता, पण बोलली ठामपणे.

"सायेब, बंदूक आप्पांच्या घरात नव्हती. आमच्या गावात ती पाळीनं फिरती. आज ह्येच्या शेताला, उद्या त्येच्या. त्या राती माझ्या भावाची पाळी होती."

"भावाचं आणि नवऱ्याचं वैर होतं?"

"आदल्या दिवशी चावडीपुढं भांडण झालतं. सुगी होऊंस्तोर भन इथंच ऱ्हाणार, असं अण्णा म्हनत हुता. ह्येनी म्हनलं, बायको माझी हाय, तुझी मजूर न्हाय. अण्णा अंगावर धावून गेलता. साऱ्या गावानं बघितलंय." मग तिने पदर तोंडाला लावला. "पोटच्या पोरीगत मला वाढवलं त्येनं. आनि माझंच कुकू पुसलं."

मग पदर खाली घेऊन ती म्हणाली, "त्येला सोडू नगासा."

भावाला त्याच दिवशी पकडून आणले. चाळिशीचा, रुंद खांद्याचा शेतकरी. मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले आहेत. खून करणारा आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचे नाव घेतो, मग रडतो आणि शेवटी कबूल होतो. हा बाकावर बसायच्या आधीच कबूल झाला.

"माझ्याच हातनं मेला. काय लिव्हायचं ते लिव्हा."

"बंदूक कुणी दिली?"

"कुणी न्हाय. आप्पा शेताला गेलते, मी चोरून नेली."

"का मारलंस?"

दरडावून पाहिले, समजावून पाहिले, चहा पाजून पाहिले. उत्तर नाही. मी कंटाळून उठलो तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारले, "सायेब, बंदूक आप्पांची हाय, त्येंचा काय गुना न्हाय. ती गावाला परत मिळंल न्हवं?"

ज्याच्यावर खुनाचे कलम लागते आहे, त्याने आपल्या शिक्षेची चौकशी करायची सोडून बंदुकीची करावी, हे मला खटकले. कागदोपत्री माझे काम संपले होते. कबुली होती, भांडणाचे साक्षीदार होते, बंदूक होती. आप्पांनीही बंदूक चोरीला गेल्याची जबानी देऊन टाकली होती. वरिष्ठांनी पाठ थोपटली असती. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा तपासणीचा अहवाल आला. जखमांतून छर्ऱ्यांबरोबर झाडाच्या सालीचे वाळके कपचे निघाले होते. ओढ्याच्या त्या जागी झाड नव्हतेच. नुसते गोटे आणि लव्हाळे. म्हणजे माणूस झाडाजवळ मेला आणि नंतर कुणीतरी त्याला ओढ्यात आणून टाकले.

पुन्हा गावात गेलो. शेतांकडून गावात येणाऱ्या वाटेवर, वस्तीपासून जरा अलीकडे, किंदळाचे एक जुने दांडगे झाड होते. त्याच्या मागे करवंदीची जाळी. झाडाचे एक अंग पाहिले आणि मी तसाच उभा राहिलो. छातीच्या उंचीवर खोड छर्ऱ्यांनी चाळण झाले होते. काही छर्रे ताजे, चमकणारे. काही काळे पडलेले. काहींवर साल इतकी चढली होती की चाकूने उकरून काढावे लागले. त्या झाडावर वर्षानुवर्षे कुणीतरी गोळ्या झाडत आले होते. हवालदाराने जाळीत काठी घालून चाचपले तेव्हा पितळी तांब्या निघाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठासणीच्या बंदुकीत एकदा भरलेला बार काढून घेणे कटकटीचे असते, तो उडवूनच टाकतात. रात्रभर राखण केली, डुकरे आली नाहीत, तर सकाळी भरलेली बंदूक हातात राहते. ती तशीच गावात आणली आणि पोराबाळांत उडाली तर? म्हणून या गावाने नियम केला होता. ज्याची पाळी, त्याने सकाळी घराकडे येताना किंदळावर बार टाकायचा आणि रिकामी बंदूक घेऊन गावात शिरायचे. नियम शहाणपणाचाच होता. त्या सकाळी धुके होते. पाहुणा तांब्या घेऊन जाळीमागे बसला होता आणि नेमका उठून उभा राहिला असावा.

मी आप्पांना आणि चार प्रमुख माणसांना चावडीत बोलावले. तांब्या पुढे ठेवला.

"तुम्ही प्रेत हलवलंत, म्हणून अपघाताचा खून झाला," मी म्हणालो. "आता तरी खरं बोला. तो माणूस फासावर जाईल."

आप्पांनी तांब्या हाताने बाजूला सारला. ते म्हणाले, "सायेब, खरं बोललो तर पाळीची गोष्ट निघंल. परवाना जाईल, बंदूक जाईल. ह्या गावाला पुन्यांदा बंदूक मिळायची न्हाय. डुकरं भात ठेवायची न्हाईत, मान्सं गाव सोडून जातील. त्येनं सोता सांगितलंय आमास्नी, माझं काय व्हायचं ते हू द्या, बंदूक राखा म्हनून."

मला संताप आला. इतका की मी उठून बाहेर आलो. पण खरे सांगायचे तर त्या संतापात कीवही होती. ती माणसे दुष्ट नव्हती. एका बाजूला एक जीव आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांच्या चुली, असा हिशोब त्यांनी मांडला होता, आणि ज्याचा जीव जायचा त्यानेच त्यावर मान हलवली होती. आपल्या हातून बहिणीचे कुंकू गेले, आता आपण जगून काय करायचे, हेच त्याच्या मनात होते.

नुसत्या झाडावर खटला फिरणार नव्हता. झाडावर कुणीही गोळ्या झाडल्या असतील, असे सरकारी वकिलाने म्हटले असते. रोजची रीत होती, असे सांगणारे माणूस हवे होते. गावातून ते मिळणार नव्हते.

मी शहापूरला गेलो. विधवा आणि सासू घरातच होत्या. मी तांब्या तिच्या हातात दिला. तिने तो लगेच ओळखला, लग्नातलाच होता.

"कुठं घावला?"

"किंदळाच्या मागं. करवंदीच्या जाळीत."

उभी होती ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. सासूने विचारले, काय झालं गं? सासूकडे न बघता तिने मला विचारले, "अण्णानं काय सांगितलं?"

"काहीच नाही. मीच मारलं, एवढंच म्हणतोय."

"आनि आप्पा?"

"तेही गप्प आहेत."

"मग मी बोलतो, म्हना त्येस्नी," ती म्हणाली. त्या भागात बायकाही बोलताना कधी असे 'बोलतो' म्हणून जातात. मला मात्र त्या क्षणी ते एखाद्या पुरुषाच्या पैजेसारखे वाटले.

खटला बेळगावला सेशन्स कोर्टात उभा राहिला. सरकारतर्फे मुख्य साक्षीदार तीच होती. वकिलाने भांडणाबद्दल विचारले, ते तिने खरे सांगितले. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "सायेब, मला आनि सांगायचंय." आणि तिने पाळीची रीत सांगितली, किंदळ सांगितला, सकाळचा बार सांगितला.

न्यायाधीशांनी विचारले, "हे तुम्ही आधी पोलिसांना का सांगितलं नाही?"

"ते वड्यात घावले हुते, म्हनून किंदळ माझ्या मनातच आला न्हाय. त्या सकाळीबी मी बार ऐकला. चुलीम्होरं हुते. रोजचाच बार, मान वर करून बघितलं न्हाय." तिने भावाकडे एकदा पाहिले. "सकाळचं किंदळाकडं जायचं न्हाय, हे आमच्या गावात रांगतं प्वारबी जाणतंय. ह्येनी शहापूरचं. ह्येस्नी कोन सांगणार? मीच सांगायला पायजे हुतं. सांगायची गोष्ट हाय ही, हेच मला कवा वाटलं न्हाय. अण्णानं न्हाय मारलं, सायेब."

आरोपीच्या पिंजऱ्यातला तो धिप्पाड माणूस कठड्यावर डोके टेकून रडू लागला. मागच्या बाकावरून आप्पा उठले. पट्टेवाला खाली बसवत होता, पण ते ऐकेनात. "ती बोलती ते खरं हाय. बंदूक मीच देत हुतो. लिव्हून घ्या," ते मोठ्याने म्हणाले.

खुनाचे कलम टिकले नाही. निष्काळजीपणाबद्दल आणि विनापरवाना बंदूक वापरल्याबद्दल भावाला थोडी कैद झाली. प्रेत हलवणाऱ्यांना दंड झाला. परवाना रद्द झाला आणि बंदूक सरकारजमा झाली. पुढच्या सुगीत डुकरांनी त्या गावाची अर्धी खाचरे खाल्ली, तरी आप्पांनी माझ्याकडे कधी तोंड वाकडे केले नाही.

या प्रकरणानंतर माझी तपासाची पद्धत बदलली. गावात गेलो की माणसे काय लपवतात, हे मी नेहमीच शोधत असे. त्यानंतर सर्वांना ठाऊक असल्यामुळे कुणीच सांगत नाही असे काय आहे, हेही विचारू लागलो. या दुसऱ्या प्रश्नाने मला पुढे पुष्कळ ठिकाणी खऱ्यापर्यंत नेले. बंदुकीबद्दलचे माझे प्रेम काही कमी झाले नाही. तिने त्या गावाला अन्न दिले होते, हे मी विसरलो नाही.

भाऊ सुटला त्या दिवशी मी कामानिमित्त तुरुंगावर होतो. दाराशी ती उभी होती. मी विचारले, "गावाला घेऊन चाललात?"

"न्हाय सायेब, शहापूरला. सुगीपुरतं जाईल गावाला, बाकी हितंच."

"सासूबाईंना चालेल?"

"त्या अजून त्येच्यासंगं बोलायच्या न्हाईत. पन काल म्हनल्या, ल्योकाचा हातमाग रिकामा बघवत न्हाय मला. बसव तुझ्या भावाला."

दार उघडले. तो बाहेर आला, तिला पाहिले आणि तिथेच थबकला. ती जवळ गेली आणि त्याच्या हातातले गाठोडे तिने आपल्या काखेत घेतले.

"चल अण्णा," ती म्हणाली. "सासू जेवायची थांबलीया."