सहा वाजेपर्यंतची सही

पुण्यात व्यावसायिक महिला टेनिसपटूंची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही वर्षं भरत होती, असं आज सांगितलं तर लोक म्हणतात, तुमची दुसऱ्या कुठल्या तरी शहराशी गल्लत होतेय. ती बंद झाल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही. तसं करायचं तर त्याचाही समारंभ करावा लागला असता, आणि त्याला प्रायोजक मिळाला नसता.

मध्यंतरी, ज्या क्लबाच्या कोर्टांवर ती भरायची, त्या क्लबाच्या चिटणिसांचा फोन आला. स्मरणिका निघते आहे, तीत स्पर्धेचा इतिहास हवा. "आठशे शब्द, आणि सर, जरा प्रेरणादायी." मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

इतिहास तसा थोडका आहे. देशाची दारं उघडली आणि इतकी वर्षं भिंतीआड निमूटपणे काहीबाही बनवणाऱ्या कारखानदारांना एकदम जागतिक व्हावंसं वाटू लागलं. जागतिक कसं व्हायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा टेनिस स्पर्धा भरवायचं ठरलं. पहिल्या वर्षी स्पर्धेला एका कुकरचं नाव होतं, दुसऱ्या वर्षी एका पेजरचं, मग एका संगणक शिकवणी वर्गाचं. शेवटी एका संकेतस्थळाचं. ते काय विकतं, हे त्याच्या मालकांनाही नीट सांगता येत नसे. पेजर गेले, स्पर्धा त्यानंतरही दोन वर्षं टिकली, एवढीच तिची कर्तबगारी.

यायच्या त्या मुली कुठून कुठून यायच्या. स्लोव्हेनिया, थायलंड, उझबेकिस्तान. दोघी-दोघी मिळून एक खोली घ्यायच्या, स्वतःचे कपडे स्वतः धुऊन क्लबाच्या गॅलरीत वाळत घालायच्या आणि उन्हात तीन-तीन तास खेळून केळी खायच्या. संयोजन समितीला हे आवडत नसे. "या काही मोठ्या खेळाडू वाटत नाहीत," असं अध्यक्ष खाजगीत म्हणत. अध्यक्ष बांधकाम व्यावसायिक होते. मोठा खेळाडू पंचतारांकित हॉटेलात उतरतो आणि त्याच्याबरोबर आपला फोटो निघतो, ही त्यांची खेळाबद्दलची सगळी माहिती. कोर्टाला लागून पहिल्या रांगेत सोफे मांडलेले असत. त्यांवर 'राखीव' अशी पाटी असे, आणि आठवडाभर त्यांवर पाटीच बसलेली असे. मागे सिमेंटच्या पायऱ्यांवर तीसेक माणसं खरोखर खेळ बघायला आलेली असत. त्यांतला कोणी पाठ टेकायला सोफ्यावर आला, तर पिवळा पास आहे का म्हणून स्वयंसेवक धावून येई.

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि नारायण पेठेत राहत होतो. टेनिस मला कळत नव्हतं. समितीला माझी गरज होती ती मानपत्रांसाठी. ज्याच्या हातून काही घडलं आहे त्याच्या, आणि ज्याच्या हातून काहीच घडलेलं नाही त्याच्याही वाट्याला आमच्या गावात एक मानपत्र येतंच. त्यांतली बरीचशी माझ्या हातची आहेत. ती लिहिताना मी मनात हसत असे आणि वाचून दाखवताना आवाज लावत असे.

आमच्या कॉलेजच्या कार्यालयातले हेडक्लार्क विश्रांतवाडीला राहायचे. कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. प्राचार्यांनी पाठवलेला कागदही तारीख नसेल तर परत जायचा. त्यांच्या वस्तीत विहाराला लागून सिमेंटचं पटांगण होतं. तिथे दोन बांबूंना जुनी मच्छरदाणी बांधून त्यांनी आपल्या मुलीला टेनिस शिकवलं होतं, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावरून. पुढे तिला चांगले प्रशिक्षक मिळाले, ती राज्य पातळीपर्यंत खेळली. इंजिनियर झाली, आणि हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणूकपत्र घरी आलं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी आमच्या स्पर्धेची पात्रता फेरी होती.

"दोन सामने जिंकली तर मुख्य स्पर्धेत जाईल," हेडक्लार्क मला चहा पिताना म्हणाले. "तसं झालं तर मी स्वतः हडपसरला जाऊन सांगेन, सहा महिने थांबा म्हणून. नाही झालं तर सोमवारी कामावर. आमचं ठरलंय तसं."

"तिला मान्य आहे?"

"तिनेच ठरवलंय. मी नुसते नियम वाचले." आणि त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला. एका ओळीखाली लाल रेघ होती. पात्रता फेरी खेळणाऱ्या प्रत्येकीने शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत रेफ्रीसमोर स्वतः हजर राहून सही करायची. सही नाही तर नाव नाही.

शुक्रवारी चार वाजता उद्घाटन होतं. समितीने ठरवलं की उद्घाटनातच 'पुण्याच्या कन्येचा' सत्कार करायचा. मी विचारलं, अजून ती एकही सामना खेळलेली नाही, सत्कार कशाबद्दल? अध्यक्षांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"सर, आधीच उरकून घेऊ. नंतर हरली की बरं दिसत नाही."

मी मानपत्र लिहिलं. समितीने त्यात 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' एवढे शब्द घातले. मी तो कागद हेडक्लार्कना दाखवला. त्यांनी सवयीप्रमाणे दोनदा वाचला.

"परिस्थिती कुठली प्रतिकूल, सर? मला पगार आहे. तिची आई शाळेत शिकवते. दोन खोल्यांचं घर आहे, फ्रिज आहे. यांना काय दिसलं प्रतिकूल?"

मी ते शब्द खोडले. समितीने टंकलिखित प्रतीत ते परत घातले.

शुक्रवारी पावणेचारला मुलीला व्यासपीठावर नेऊन बसवलं. पांढरा फ्रॉक, पायांत खेळायचे बूट, कपाळाला कुंकू, मांडीवर नारळ. रेफ्रीचं टेबल क्लबाच्या मागच्या इमारतीत, बिलियर्डच्या खोलीत होतं; चालत चार मिनिटं. सह्या चारपासून सुरू होणार होत्या. पाहुणे आलेले नव्हते. सव्वाचारला तिने समितीच्या चिटणिसांना विचारलं, "मी पटकन सही करून येऊ का? पाच मिनिटं."

"अगं, पाहुणे लकडी पुलावर आलेत. तू उठलीस तर फोटोत खड्डा पडेल. सहीचं मी बघतो ना."

लकडी पूल ओलांडायला पाहुण्यांना पंचावन्न मिनिटं लागली. मग समई. उघड्या मैदानावर वारा होता; पाहुण्यांनी एक वात लावली की दुसरी विझायची. पाचच्या पाच वाती एका वेळी जळताना दिसल्याशिवाय छायाचित्रकाराला चालेना. दोन स्वयंसेवक वर्तमानपत्रं आडवी धरून उभे राहिले, तेव्हा कुठे प्रकाश पडला. मग पाहुणे बोलले. टेनिस हा खेळ मूळचा आपलाच, विटीदांडूतून निघाला, इंग्रजांनी दांडूला जाळी लावली, हे त्यांनी वीस मिनिटांत सिद्ध केलं. ही स्पर्धा महिलांची आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. "खेळाडू बंधूंनो," अशीच त्यांची सुरुवात होती आणि शेवटही तोच. गॅलरीतल्या दोरीवरून कपडे काढणारी एक परदेशी मुलगी थांबून ऐकत होती. ते तिला कळत नव्हतं, हे तिचं भाग्य.

मग माझा नंबर. माझ्या हातात कागद आला तेव्हा क्लबाच्या घड्याळात पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. मुलगी अर्धवट उठली. शेजारून अध्यक्षांचा हात तिच्या खांद्यावर आला. "बस बाळा, तुझंच चाललंय."

मी वाचायला लागलो. पहिल्या परिच्छेदानंतर वर पाहिलं तर हेडक्लार्क व्यासपीठाच्या पायरीशी होते. एका स्वयंसेवकाने त्यांना अडवलं होतं.

"काका, पास?"

"हा बघा."

"हा पांढरा. खेळाडूच्या पालकांचा. वर जायला पिवळा लागतो."

"अहो, वर माझीच मुलगी बसलीय."

"असेल. पण पिवळा लागतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनगटावर बोट ठेवलं. मला ते दिसलं. त्याचा अर्थही कळला. पुढे चार परिच्छेद होते. मी मधले दोन गाळले, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. शेवटचे दोन मला फार चांगले साधले होते. त्यांत घाटावर उगवणाऱ्या रानफुलाची एक उपमा होती. ते मी सावकाश वाचले. टाळ्या पडल्या.

मग शाल, मग चौकटीत बसवलेलं मानपत्र, मग फोटो. पाहुण्यांचे डोळे मिटले म्हणून परत फोटो. मुलगी शालीसकट पळाली. तिच्या मागे वडील, आणि त्यांच्या मागे, बऱ्याच अंतराने, मी.

बिलियर्डच्या खोलीत रेफ्रीबाई कागद फाइलला लावत होत्या. दक्षिणेकडच्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेल्या बाई. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी कागद मुलीसमोर फिरवला. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारलेली होती आणि रेघेखाली वेळ लिहिलेली होती. रेघेच्या खाली बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. मुली कमी आल्या होत्या. काहींना पहिला सामना न खेळताच पुढे चाल मिळणार होती. म्हणजे जागा होती. सही नव्हती.

"चिटणीस बघतो म्हणाले होते," मुलगी म्हणाली.

"चिटणीस खेळणार आहेत का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी खेद व्यक्त केला, आणि तो त्यांना वाटतही असावा.

एवढ्यात अध्यक्ष आले. "मॅडम, जरा सांभाळून घ्या. आपलीच मुलगी आहे."

"माझ्यासाठी सगळ्या आपल्याच आहेत," बाई म्हणाल्या. समितीला स्वतःच्या अधिकारात एखादीला थेट प्रवेश देता येत असे. पण ती नावंही सहाच्या आत द्यायची होती, आणि समितीने ती केव्हाच दिली होती. एक नाव प्रायोजकांच्या भाचीचं होतं.

अध्यक्षांना वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते काहीतरी देऊ करत. "असं करू, अंतिम सामन्याची नाणेफेक हिच्या हस्ते. सगळ्यांसमोर. नाणं चांदीचं आहे."

"मग तुम्हीच उडवा," हेडक्लार्क म्हणाले. "तिचा सत्कार झालाय. आता पुरे."

या माणसाने वीस वर्षांत कॉलेजात कोणाला असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनाही बहुधा अशा उत्तराची सवय नव्हती. ते "बघा बुवा, तुमची इच्छा," असं म्हणून पाहुण्यांच्या चहाकडे गेले.

मी बाहेर बाकावर हेडक्लार्कांशेजारी बसलो. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण माझ्याकडे तयार असलेली सगळी वाक्यं मानपत्रातली होती.

"तुम्ही छान वाचलंत, सर," तेच म्हणाले. "शेवटचे दोन परिच्छेद तर फारच."

हे त्यांनी कसं म्हटलं ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. ते टोमणा मारणारे गृहस्थ नव्हते. पण राहायला पुण्यातच होते.

शनिवारी सकाळी मी क्लबावर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. सोफे रिकामे होते, अध्यक्षांचा पत्ता नव्हता, आणि सामने वेळेवर सुरू झाले होते. मागच्या सरावाच्या कोर्टावर मला ती दिसली. पुढे चाल मिळालेली एक उंच स्लोव्हेनियन मुलगी खेळायला कोणी मिळतंय का ते शोधत होती, आणि ही बॅग घेऊन आलेलीच होती. त्या दोघी एक सेट खेळल्या. बघायला तिचे वडील आणि मी. खेळ संपल्यावर जाळीजवळ दोघी हातात हात घेऊन काहीतरी बोलल्या, हसल्या, आणि ती परदेशी मुलगी पाणी प्यायला निघून गेली.

"काय झालं?" मी विचारलं. मला गुण कळत नव्हते.

"चार-सहा. हरले." ती टॉवेलने मान पुसत होती. "तिसऱ्या गेमपासून तिला माझा बॅकहँड कळला होता, काका. आत खेळले असते तरी हरलेच असते."

मला हायसं वाटलं, हे लिहायला नको, पण वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे तसं फार काही..."

"तसं नाही," ती म्हणाली. "मग सोमवारी मी हरून कामावर गेले असते. आता नुसतीच जाणार."

वडिलांनी बाकावरची पाण्याची बाटली उचलून तिच्या बॅगेत घातली. "चल," ते म्हणाले, "अकराची बस मिळेल."