हडकर फोरमननी जिंकलेला कारखाना

सदानंद हडकरांना जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची, आणि ज्यांची कीव येत नसे त्यांचा राग यायचा. सातिवलीला गॅस लायटर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकोणीस वर्षं फोरमन होते. एवढ्या काळात त्यांनी तीन मॅनेजर पाहिले आणि तिघांनाही मनातल्या मनात शिपायाच्या स्टुलावर बसवलं. पहिल्याला स्क्रू कुठल्या बाजूने आवळतात ते कळत नव्हतं म्हणे. दुसरा टाय लावायचा, तेवढा गुन्हा पुरेसा होता. तिसरा आल्बर्ट माणूस बरा होता, पण बरं असणं हीसुद्धा हडकरांच्या लेखी एक प्रकारची बावळटगिरीच. घरी, अंबाडी रोडवरच्या दोन खोल्यांत, या तिघांच्या कथा ऐकून ऐकून त्यांची बायको विनया इतकी तयार झाली होती, की हडकरांच्या तोंडात घास असला तर पुढचं वाक्य तीच म्हणून टाकायची.

इतका तोरा असलेल्या माणसाला स्वतःला मॅनेजर व्हायचं होतं, हे वेगळं सांगायला नको. केबिनच्या दारावर आपल्या नावाची पाटी लागावी आणि निवृत्तीच्या आधी निदान पाच वर्षं ते दार आपण आतून बंद करावं, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात जपून ठेवली होती. बाकी सगळ्या इच्छा त्यांना फालतू वाटत.

दोन हजार तीन साली आल्बर्ट कुवेतला निघून गेला आणि केबिन रिकामी झाली. कारखान्याचे मालक रामनाथशेठ मूळचे गिरीजच्या केळीच्या वाडीतले, मातीत हात घातलेले गृहस्थ. पण आता कारभार मुलाच्या हाती होता. हा मुलगा भूपेश पुण्याहून मॅनेजमेंटचा कोर्स करून आला होता. तिथे तो नेमकं काय शिकला ते कोणाला कळलं नाही, पण बोलताना हवेत चौकोन काढायची सवय मात्र घेऊन आला. त्याने शेजारचा गाळा घेतला. तिथे कन्व्हेयर बेल्टची नवी लाइन टाकायची, आणि ती लाइन जो चालवील तोच मॅनेजर, असं ठरलं. नावं दोन होती. एक हडकर, दुसरा सुमेध, तीन वर्षांपूर्वी लागलेला डिप्लोमावाला पोरगा.

माणूस निवडायचा तर त्याचं काम बघावं, चार जणांना विचारावं. भूपेशने दोघांच्या हातात एकेक सीडी ठेवली.

"कारखान्याचा गेम आहे, हडकरकाका," तो म्हणाला. "बिझनेस सिम्युलेशन. रिकामी शेड देतात. बेल्ट टाकायचे, मशीन लावायची, माणसं ठेवायची. पंधरा दिवस प्रॅक्टिस करा. मग इथे केबिनमध्ये दोघांनी माझ्यासमोर खेळायचं. गेममधल्या एका वर्षात ज्याचा माल जास्त निघेल, तो मॅनेजर."

हडकरांनी सीडी रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली. त्या संध्याकाळी घरी त्यांनी भूपेशची जी पूजा बांधली, ती ऐकून विनयाने खिडकी लावून घेतली.

पण पाटीचा प्रश्न होता. रविवारी सकाळी ते मुलीच्या कॉम्प्युटरसमोर बसले. मुलगी उन्नती बीकॉमच्या पहिल्या वर्षाला. तिने बापाचा हात धरून माऊस शिकवला. हडकरांच्या हाताखाली तो बाण पडद्याबाहेर पळायचा आणि हडकर कॉम्प्युटर बनवणाऱ्याची अक्कल काढायचे.

पहिला कारखाना त्यांनी अगदी मन लावून उभारला, आणि उभारला तो स्वतःचाच. सुरुवातीला नळ्या कापायचं मशीन, मग मुठी बसवायचं, मग स्प्रिंग आणि ठिणगीचा खडा भरायचं. मधून पिवळे बेल्ट टाकले. एका मशीनच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्याच्या आतल्या तोंडापर्यंत बेल्टचा एकेक तुकडा जोडायचा, वळणाला वळणाचा तुकडा. आणि पॅकिंगच्या आधी त्यांनी एक लांब टेबल ठेवून त्याच्याशी बारा माणसं बसवली.

कारण खऱ्या कारखान्यात ते टेबल होतं. तिथे बारा बायका बसत आणि तयार झालेला प्रत्येक लायटर कानाशी धरून तीनदा दाबत. खणखणीत टक आली तर निळ्या क्रेटमध्ये, आवाज बसका आला तर लाल. टेबलाच्या डोक्याशी बायजा असे. खाडीकाठच्या गावातली, पन्नाशीची, सहीपुरतं अक्षर येणारी बाई. पण तिच्या कानातून खोटा लायटर सुटला असं कधी झालं नाही. हे टेबल हडकरांनीच पूर्वी भांडून बसवून घेतलं होतं. नवीन पोरगी आली की तिला ते एकच गोष्ट सांगत: "गॅस सोडून बाई ओट्याशी उभी असते. लायटर दोनदा पेटला नाही आणि तिसऱ्यांदा पेटला तर तिचं तोंड भाजतं. ते तोंड तुझं आहे असं समज." हडकरांनी आयुष्यात केलेली एवढी एक गोष्ट खरोखर अभिमान धरावा अशी होती, आणि गंमत अशी की तिचाच अभिमान ते कधी मिरवत नसत.

गेममध्ये या टेबलाने घात केला. बारा माणसं एकेक वस्तू उचलत बसली, मागचा बेल्ट तुंबला, मशीन बंद पडली आणि पडद्यावर दिवाळं निघाल्याची पाटी आली. चार वेळा असंच झालं.

"बाबा, ती माणसं काढून टाका ना," उन्नती म्हणाली. "नुसती बसून पगार खातात."

"तपासणी काढून टाकू? डोकं ठिकाणावर आहे का?"

"अहो, इथे तपासणी करायचीच नाही. हे बघा, खराब मालाचा आकडा. दोन टक्के धरायचा. गिऱ्हाइकाने परत आणला तर दुसरा द्यायचा. झालं."

"म्हणजे गिऱ्हाइकाने तपासायचं?"

"गेम आहे बाबा हा!"

हे मात्र हडकरांना पटलं. गेम आहे, पोरखेळ आहे, पोरखेळात कसली आली तपासणी? त्यांनी टेबलाशी बसलेल्या पहिल्या माणसावर बाण नेला आणि बटण दाबलं. पिवळ्या टोपीचा तो बुटका फुस्स करून नाहीसा झाला. मग दुसरा. बारावा गेला तेव्हा बेल्ट सुळकन वाहायला लागला आणि शेडच्या दारात ट्रकवर ट्रक भरले. हडकर खुर्चीत मागे टेकले. पाण्याचा तांब्या आणून उभी राहिलेली विनया पाहत राहिली. इतक्या वर्षांत नवऱ्याचा चेहरा असा खुललेला तिने पाहिला नव्हता.

त्यानंतर हडकरांना खेळाचं वेड लागलं, पण ते कबूल करतील तर हडकर कसले. "मूर्खांच्या खेळात मूर्खांना हरवतोय" असं म्हणत ते कामावरून आले की चहाचा कप घेऊन तिथेच बसायचे. वळणं कमी केली की माल लवकर सरकतो, दोन मशीनच्या मध्ये एक तुकडा मोकळा ठेवला की बेल्ट तुंबत नाही, हे त्यांनी शोधून काढलं. माणूस जितका कमी तितकी लाइन सरळ, हेही त्यांच्या लक्षात आलं. दहाव्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये एकूण दोन माणसं उरली होती.

इकडे कारखान्यात बायकांनी हडकरांवर आशा ठेवली होती. नवीन लाइन कोणाच्या हातात जाणार ही चर्चा टेबलाशी रोज व्हायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत बायजाने त्यांना गाठलं.

"भाऊ, तुमीच सायेब व्हा. तो पोरगा चांगला हाय, पन परका. तुमी आपलं मानूस. मी गावदेवीला नारळ बोललीये."

"नारळाने कॉम्प्युटर चालत नाही, बायजा," हडकर हसून म्हणाले. पण ते सुखावले. बायका आपल्याला मानतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांना बायकांची थोडी कीवही यायची.

ठरल्या दिवशी भूपेशच्या केबिनमध्ये दोन कॉम्प्युटर मांडले होते. आधी अर्धा तास दोघांनी नुसती आखणी करायची होती. हडकरांनी शेजारच्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. सुमेधने पॅकिंगच्या आधी एक टेबल ठेवलं होतं आणि त्याच्याशी चार माणसं बसवली होती.

"हे काय रे?"

"तपासणी, काका," सुमेध म्हणाला. "तपासल्याशिवाय लायटर बाहेर कसा सोडायचा? बायजामावशी शिव्या घालतील."

"अरे गाढवा, गेम आहे हा."

सुमेधने मान हलवली, पण टेबल काही काढलं नाही. डिप्लोमा घेतला म्हणून अक्कल येत नाही, असं हडकर मनात म्हणाले आणि आपल्या लाइनकडे वळले. दोन तासांत निकाल लागला. सुमेधचा बेल्ट टेबलापाशी सारखा अडखळत होता. हडकरांचा माल त्याच्या तिपटीने निघाला. भूपेशने टाळ्या वाजवल्या. "पाहिलंस ना सुमेध, तुझं टेबलच तुला नडलं," तो म्हणाला. आणि कारखान्यात एकोणीस वर्षं ज्या माणसाला कोणाचंच काही पटलं नव्हतं, त्याला भूपेशचं ते वाक्य एकदम पटलं.

शनिवारी पेढे वाटले गेले. बायजाने नारळ फोडून प्रसाद आणला. पाटीवर नाव कसं हवं ते रंगाऱ्याला हडकरांनी स्वतः लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट.

सोमवारी सकाळी भूपेश त्यांना घेऊन फिरायला निघाला. हातात पाच-सहा कागद चिकटपट्टीने जोडून केलेली मोठी गुंडाळी होती. आधी नव्या गाळ्यात नेलं, मग जुन्या शेडमध्ये आणून त्याने ती गुंडाळी तपासणीच्या टेबलावरच पसरली. बायकांना हातातले लायटर उचलून बाजूला घ्यावे लागले.

कागदावर हडकरांची लाइन होती. तेच बेल्ट, तीच मशीन, रंगीत प्रिंट काढलेली.

"जशीच्या तशी उचलायची, हडकरकाका. आधी नव्या गाळ्यात, मग इथेही. बेल्टवाल्याला ऑर्डर गेली. तुम्ही काय कमाल साधली माहीत आहे का? इथून इथपर्यंत एक माणूस नाही!" भूपेशने बोटाने हवेत चौकोन काढला. तो जिथे काढला तिथे बायजा बसली होती.

हडकरांनी सांगायला एकच वाक्य पुरेसं होतं: शेठ, तो खेळ होता, खऱ्या लायटरला टेबल लागतंच. ते वाक्य त्यांना येत होतं. शंभर पोरींना त्यांनी ते शिकवलं होतं. पण ते बोललं की आपण जिंकलो ती लबाडी ठरते आणि सुमेध खरा ठरतो. बाहेर व्हरांड्यात रंगारी पाटीचं शेवटचं अक्षर भरत होता. दुसऱ्यांच्या अकलेची इतकी वर्षं मापं काढणाऱ्या या माणसाची स्वतःची छाती किती, ते त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. ती काही फारशी नव्हती.

बायजा कागदावर वाकून आपली जागा शोधत होती. "भाऊ, आमचं टेबल यात कुठं हाय?"

हडकरांनी कागदाची वळलेली कड तळहाताने सपाट केली.

"तुमी सांगा ना शेठला. कानाबिगर लायटर कसा कळनार?"

"खराब माल दोन टक्के धरलाय," हडकर म्हणाले. "परत आला तर बदलून द्यायचा."

बायजा त्यांच्याकडे पाहत राहिली. हा माणूस काय बोलतोय हे तिला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिने हातातला लायटर कुठल्याच क्रेटमध्ये न टाकता टेबलावर ठेवून दिला. भूपेशला फोन आला म्हणून तो बोलत बोलत दाराकडे गेला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका उठून उभ्या राहिल्या.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ठळक इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती. भूपेशने हौसेने टाकली होती. बायजाने तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

"नाव आहे. ज्याने आखणी केली त्याचं."

"कोनाचं?"

"जाऊ दे ना, बायजा."

"वाचा की, भाऊ. आमाला कुठं वाचता येतंय."

हडकरांनी दाराकडे पाहिलं. भूपेशची पाठ होती. मग त्यांनी वाचलं, "सदानंद रामचंद्र हडकर." आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही. तेव्हा बायजा वळली आणि तिने ते नाव त्या सगळ्या बायकांना मोठ्याने सांगितलं.