नळ्यांवरचं अक्षर

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं. माझा धाकटा भाऊ, शाळेत गणित शिकवणारा मास्तर, घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं दोन माणसांचं विमान बांधतोय, त्याचं नव्हे. बांधू दे की. पण वायरिंगची वेळ आली तेव्हा त्याने मदतीला बोलावलं कोणाला? कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन असलेल्या सख्ख्या मोठ्या भावाला नाही. माझ्या बायकोला.

कारण काय, तर तिचं अक्षर. ही दवाखान्यात औषधांच्या पाकिटांवर लिहिते. विमानातल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक नळी चढवायची आणि तिच्यावर ती वायर कशाची ते लिहायचं. जागा करंगळीच्या नखाएवढी. दादा, तुझं अक्षर तुला तरी लागतं का, असं मास्तर म्हणाला आणि दोघं हसले. मीही हसलो, दात काढायला काय जातंय.

मग दर रविवारी जेवणं उरकली की ही शेडमध्ये. घरी आली की तेच पुराण. आज चाळीस नळ्या झाल्या, भावोजींनी नवं पेन आणलं, पंपाची वायर केवढी लांब. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या कामातल्या एका तरी वायरीची हिने चौकशी केली असेल तर शपथ. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका शनिवारी मास्तर बाहेर गेलेला बघून मी शेडमध्ये शिरलो. बटणांकडच्या नळ्या अजून सैल होत्या, तापवून आवळायच्या राहिल्या होत्या. इंधनाच्या पंपाची नळी काढून दिव्याच्या वायरीवर घातली, दिव्याची पंपाच्या. बटणं जोडून दिवा लावायला जातील तर पंप घुरघुरेल, हिची फजिती होईल आणि झक मारत मला बोलावतील. एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन चहा ओतला आणि डोक्यात आलं. जमिनीवर कोणाच्या लक्षात नाहीच आलं तर? वर गेल्यावर मास्तर दिवा बंद करेल आणि पंपच बंद पडेल. माझा भाऊ, हो.

रविवारी ही गेल्यावर अर्धा तास घरात येरझाऱ्या घातल्या आणि मागोमाग गेलो. पाहतो तर नळ्या आवळून झालेल्या. मास्तरला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिने त्याला प्यायचं पाणी आणायला पाठवलं.

"पंप आणि दिवा उलटे झाले होते. मी सरळ केले," ती मान वर न करता म्हणाली.

कोणी केलं, असं मी विचारलं. कोणत्या तोंडाने विचारलं, देव जाणे.

"माझं अक्षर वायरीच्या टोकाकडे संपतं. त्या दोन नळ्या उलट्या चढवलेल्या, अक्षर टोकापासून सुरू होत होतं. ही सवय तुमची."

माझी सवय हिला काय माहीत, मला कळेना.

"घरातला फ्यूजचा बोर्ड तुम्हीच भरलात ना? तिथल्या वायरींवरची नावंही अशीच उलटी. सव्वीस वर्षं मान वाकडी करून वाचतेय मी. अक्षर भिकार आहे, पण एक वायर चुकलेली नाही."

मास्तर पाणी घेऊन आला आणि मला बघून म्हणाला, आज दादा इकडे कसा?

"मीच बोलावलंय," ती म्हणाली. "माझं सगळं तपासायला."

मी खाली बसलो आणि पंपाची वायर हातात घेतली.