बिरप्पाच्या गाडीतला गार वारा

कुंभारीच्या बिरप्पाला राग यायला कारण लागत नाही, आणि त्या दिवशी तर सकाळपासून कारणांची रांगच लागली होती.

बिरप्पाचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यानं कळप धाकट्या भावाच्या हवाली केला आणि जुनी का होईना, एक पांढरी मोटार घेतली. ती भाड्यानं फिरवायची. पण जित्याची खोड जाते कुठं? गाडी चढाला लागली की तो अजून जिभेनं टकटक करून तिला हाकतो, आणि बिघडली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

दुपारी लेक सोनालीला सोलापूरच्या दवाखान्यातून घरी सोडणार होते. पहिलंच बाळंतपण, मुलगी झालेली. रीतीप्रमाणं तिनं माहेरी यायचं. पण वैशाखाचं ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. नातेपुत्याचा जावई मल्हार सकाळीच फोनवर बोलला, "मामा, तुमच्या गाडीत गार लागत असंल तरच लेकराला घाला. न्हायतर मी माझ्या गाडीतनं सरळ नातेपुत्याला न्हेतो."

यात त्याचं चुकलं काहीच नव्हतं, म्हणूनच बिरप्पाला ते जास्त झोंबलं. नातवंडाची पहिली फेरी आजाच्या गाडीतून, हे त्यानं पोरीला डोहाळे लागल्यापासून गावभर सांगून ठेवलेलं. तो तरातरा उठला, गाडी चालू केली आणि गार वाऱ्याचं बटण फिरवलं. आत एकदा खर्रर्र झालं आणि पंखा मुका झाला.

नाक्यावरच्या पहिल्या गॅरेजवाल्यानं फ्यूज बदलला. तो जागच्या जागी जळला. दुसरा घातला, तोही गेला. "हीटरचा पंखा जाम झालाय," गॅरेजवाला म्हणाला.

"हीटर?" बिरप्पा उसळला. "सोलापुरात हीटर कुणाच्या बापाला पायजे? देवानं वर लावलाय त्येवढा बास की! मला गार पायजे, गार!"

"अवो, पंखा एकच असतो. गरम बी त्योच फेकतो, गार बी त्योच."

"मग गरमाच्या नादानं गाराचं वाटोळं केलं व्हय त्यानं!"

यावर गॅरेजवाल्यानं कपाळाला हात लावला आणि त्याला अक्कलकोट रोडवरच्या कल्लप्पाकडं धाडलं. कल्लप्पा गाड्यांच्या वायरिंगचा जुना माणूस. घरी कानडी बोलणारा, आणि स्वभावानं इतका थंड, की तोच गाडीत बसवला असता तरी चाललं असतं. "तडी, मामा, तडी," म्हणत त्यानं आधी चहा मागवला. तडी म्हणजे थांबा. बिरप्पाला कानडीतला तेवढा एकच शब्द येत होता, आणि त्या क्षणी त्याला तो जन्मात ऐकायचा नव्हता.

"तडी किती? तिकडं जावई गाडी घिऊन निघाला!"

"तडी." कल्लप्पानं डाव्या बाजूचा कप्पा सोडवला, खाली डोकं घातलं आणि मोटर पंख्यासकट ओढून बाहेर काढली. पंख्याच्या पात्यांत पिवळाधमक, दगडासारखा घट्ट लगदा बसला होता. "मामा, गाडीत हळद कुटत होता का?"

बिरप्पानं एकदाच पाहिलं आणि ओळखलं. तो बिरुबा देवाचा भंडारा होता. बायको गोजाबाई दर अमावस्येला आणि प्रत्येक लांबच्या भाड्याआधी पुढच्या काचेवर मूठभर उधळायची. नेमकी त्याच काचेखालच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, हे ना तिला ठाऊक, ना देवाला. त्यानं तिथल्या तिथं तिला दवाखान्यात फोन लावला. "तुज्या भंडाऱ्यानं पंखा खाल्ला की माजा!"

"देवाला दोष देताय व्हय? इतकी वर्सं गाडीला कुटं खरचटलं तरी का, त्ये सांगा."

त्यानं फोन ठेवला. त्यात कल्लप्पानं लगद्यातून काळ्या लोकरीचा पुंजका उपसला. "आणि ह्ये?" बिरप्पानं नजर चुकवली. ऊन लागू नये म्हणून गाडीच्या नाकावर आपलं घोंगडं तोच पसरायचा, आणि पाइपानं धो धो पाणीही तोच मारायचा; त्या पाण्यानंच भंडाऱ्याचा दगड झालेला. ही गोष्ट त्यानं गोजाबाईला अजून सांगितलेली नाही.

पंखा साफ झाला, फिरला, फ्यूज टिकला. "नळ्यांत आजून थोडा भंडारा असंल, जोरात लावून बाहेर..." कल्लप्पा सांगत होता, तोवर बिरप्पा निघालासुद्धा.

दवाखान्याच्या दारात मल्हार परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात उभा होता. सोनाली बाळाला घेऊन पायरीवर, शेजारी गोजाबाई. "बघू तरी किती गार हाय," म्हणत मल्हारनं पुढच्या सीटवर बसून झरोक्याला तोंड लावलं. दिवसभराचा राग बिरप्पाच्या हातात उतरला आणि त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

भस्सकन भंडारा उडाला. मल्हारचं कपाळ, मिशा, शर्ट, सगळं पिवळं झालं. आता पोर आणि नात, दोघी नातेपुत्याला गेल्याच म्हणून बिरप्पानं मनाशी धरलं.

"पावनं, पुसू नगा," गोजाबाई पायरीवरून म्हणाली. "आपल्यात भंडारा उचलून शपत घेत्यात. हितं तर देवानंच उचलून टाकलाय, लेकरू ह्याच गाडीतनं जाणार म्हणून."

मल्हारही धनगराचाच पोरगा. त्यानं डोळे मिटून हात जोडले आणि मग दोनदा सणसणीत शिंकला. "मामा," तो म्हणाला, "गार हाय. चला कुंभारीला, मी मागनं येतो."

बिरप्पाला इतका आनंद झाला, की आता ओरडावं कुणावर तेच त्याला सुचेना. पंख्यातून नुसती हवा येते, याची त्यानं तळहात धरून दहादा खात्री केली. मग सोनालीला मागं बसवलं. बाळानं मूठ आवळून झोपेतच ओठ हलवले. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला, तर समोर गोजाबाई कमरेची पिशवी सोडून, मूठ भरून, पुढच्या काचेवर नेम धरून उभी.

"अगं ए!" तो गरजला. मागं नात चुळबुळली. त्यानं आवाज एकदम खाली आणला.

"उधळ की. न्हाय कोण म्हणतंय?" तो कुजबुजला. "पर मागच्या डिकीवर."