अंगठ्याची नानकटाई

शशिधरअण्णा हा माणूस मला पहिली कित्येक वर्षं अजिबात आवडत नसे. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, उत्तरेश्वर पेठेत. वरून त्यांचा आवाज असा यायचा, की माणूस घरात नाही, मार्केट यार्डात उभा आहे. तेही खरंच होतं म्हणा. जन्मभर गुळाच्या अडतीत काम केलेलं. ढेपेत अंगठा रोवायचा आणि गूळ कडक की नरम, टिकेल की पाझरेल ते सांगून मोकळं व्हायचं. त्यामुळे अंगठा रुंद आणि चपटा झालेला, आणि कुठलीही वस्तू दाबून बघितल्याशिवाय त्यांना पटायची नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली तर त्यांना टोमॅटोच्या टोपलीपाशी उभंसुद्धा राहू द्यायची नाही.

गंगव्वा त्यांची बायको. निपाणीकडची, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारी. बोलणं कमीच. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाशी संसार करायचा तर दोघांतल्या एकानं गप्प बसायला हवंच, आणि ते काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. मला ती फार आवडायची. मागच्या पौषात ती गेली.

तिच्या नानकटाईबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या पेठेत दिवाळीच्या तोंडावर नानकटाई बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणायची पद्धत. पीठ, तूप, साखर घरचं. गोळे घरी वळायचे, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि डोक्यावर घेऊन भट्टीपुढे रांग लावायची. सगळ्या गल्लीची नानकटाई एकाच भट्टीत जाणार, आणि बाहेर आल्यावर सगळी दिसणार सारखीच. म्हणून प्रत्येक घराची आपली खूण. कुणी काट्यानं रेघा ओढतं, कुणी चारोळी खोचतं, आमच्या घरी बाटलीच्या टोपणाचा ठसा. गंगव्वा अंगठा दाबायची. प्रत्येक नानकटाईवर एकदा, बरोबर मधोमध. भट्टीवाला आतून ओरडायचा, "अंगठा कुणाचा?" आणि अण्णा रांग मोडून पुढं व्हायचे, "आमचा." तेवढं म्हणताना त्यांची छाती फुगायची. नानकटाई केलेली तिनं, मिरवायचे हे.

दोनेक वर्षांपूर्वी ती भट्टी बंद पडली. मग त्यांच्या मुलीनं, बेळगावला बँकेत असलेल्या दानेश्वरीनं, आईला विजेवरची भट्टी आणून दिली. म्हणजे ओव्हन. गंगव्वा महिन्याभरात ते शिकली, अण्णा कधी फिरकलेसुद्धा नाहीत. मात्र ती नानकटाईवर अंगठा दाबायला लागली की टोमणा ठरलेला.

"आता कुणाच्यात मिसळणार हाईत गं? अंगठा कशाला?"

"सवय री," ती कानडी वळणानं म्हणायची, आणि दाबायची.

मागच्या दिवाळीला दानेश्वरीला रजा मिळाली नाही. तिच्या वाटणीच्या नानकटाया गंगव्वानं वळल्या, अंगठा दाबला आणि कच्च्याच स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या. "दानू आली की गरम भाजून देऊ," मला म्हणाली होती. दिवाळीनंतर तिला ताप आला. मग तपासण्या झाल्या, रक्ताचं दुखणं निघालं आणि बघता बघता माणूस संपलं. दानेश्वरी आली ती आईला माती द्यायला. तेव्हा डब्याची आठवण कुणाला असणार?

दुखणं बऱ्याच दिवसांचं असावं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते एवढंच म्हणाले आणि अण्णा पेटले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "खोटं बोलतोय त्यो. दिवाळीपतूर धडधाकट हुती. नानकटाई केली की तिनं. ताप आला, तितनं पुढं झालं काय ते." पाहुण्याला सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे, मला तर जिन्यात गाठून सांगायचे. सुरुवातीला मला कंटाळा आला. नंतर लक्षात आलं, की हा माणूस त्या एका वाक्यावर जगतोय. दिवाळीपर्यंत ती धडधाकट असेल, तर घरात कुणाच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. मग त्यांचा काही दोष नव्हता. हे समजल्यावर मी त्यांना कधी उलट बोलले नाही.

पावसाळ्यात एके दिवशी आमच्या खांबावरचा एक फेज गेला. त्यांचं घर अंधारात आणि माझ्याकडे पंखे चालू. दार वाजलं. अण्णा तो डबा छातीशी धरून उभे, दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला देव आणल्यासारखे.

"दीप्ती, हे तुझ्या फ्रीजरात ठिव."

मी म्हटलं, "अण्णा, माझ्या फ्रीजरात मटण हाय."

अण्णांच्या घरात कांद्यालासुद्धा सोमवारी सुट्टी असते. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. माझ्या घरचा चहा घ्यायलाच त्यांना किती वर्षं लागली होती, ते मला ठाऊक आहे.

"असू दे की," ते म्हणाले. "ती काय बघाय येणार हाय?"

मी मटण बाहेर काढलं आणि डबा आत ठेवला. त्या दिवशी मला हा माणूस आवडायला लागला.

संध्याकाळी वीज आली, डबा परत वर गेला, पण अण्णांनी धसका घेतला. सगळ्या घरात तिच्या हाताचं एवढंच उरलं होतं. लुगडी विकत आणलेली, भांडी कुणाचीही असतात. पण त्या बारा नानकटायांवर तिचा अंगठा होता. वीज एक दिवस जास्त गेली असती तर सगळ्याचा मिळून एक गोळा. ते माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून म्हणाले, "कच्चं टिकत न्हाय. भाजलेलं टिकतंय. भाजायच्या. दानूला अकरा खाऊ दे, तिची आई तसं म्हनलीच हुती. एक मी बरणीत घालून ठेवतो, अंगठ्याची."

"पण अण्णा, भाजताना फुगतात त्या. खूण गेली तर?"

"म्हणून तर शिकाय पायजे. ते यंत्र शिकव मला."

आता मला तरी कुठं येत होतं? माझं सगळं गॅसवर. मग आम्ही दोघं त्या ओव्हनपुढे बसलो. बटणाभोवती नुसत्या खुणा. एका चौकटीत खाली रेघ, एकीत वर रेघ, एकीत दोन्ही, एकीत पंखा, एकीत नागमोडी, आणि एक दिवा. माहितीचं पुस्तक इंग्रजीत, त्यातलं निम्मं मला कळत होतं. मी म्हटलं, खालची रेघ म्हणजे चूल. वरची रेघ म्हणजे झाकणावर ठेवलेले निखारे. दोन्ही रेघा म्हणजे आपली बेकरीची भट्टी.

"आन् पंखा? गार कराय?"

"गार नाही, गरम वारा. आतल्या आत फिरवतो."

"आन् ही नागीण?"

"तो नुसता वरून जाळ. पापडासारखं वरनं भाजायचं असलं की."

मग त्यांनी जे केलं ते बघून मी थक्क झाले. या माणसानं कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता. तो परातीत तूप आणि साखर फेसत बसला. पीठ, बेसन, रवा, सगळं मला विचारून. गोळे वळले, प्रत्येकावर स्वतःचा अंगठा दाबला, आणि आधी फ्रीजरमध्ये घातले. तिच्या गार होत्या म्हणून यांच्याही गारच हव्यात. ही अक्कल मला सुचली नसती. मग सुरू झाली परीक्षा.

नुसती खालची रेघ लावली तर नानकटाई भाकरीसारखी पसरली. बूड लाल, तोंड पांढरं, अंगठा गायब. नागिणीवर अंगठ्याची कड जळून काळी झाली आणि आत सगळं कच्चं. पंख्यावर रंग भराभर चढला खरा, पण वरून कोरडी पडून तडकली आणि भेग नेमकी अंगठ्यातून गेली. ओव्हन तापायच्या आधीच ट्रे आत सारला तर तूप आधी वितळतं आणि खूण नंतर भाजते, हेही एकदा पीठ वाया घालवून कळलं. जळकी, फसकी नानकटाई आमच्या जिन्यातल्या सगळ्यांनी खाल्ली. तोंडावर "छान झालीय" म्हटलं, आणि पाठीमागं मला विचारलं, "अण्णांना काय झालंय?"

शेवटी जमलं. ओव्हन आधी रिकामा तापवायचा, चांगला. दोन्ही रेघा, पंखा बंद. ट्रे मधल्या खणात. आणि गोळे फ्रीजरमधून काढल्या काढल्या, गारठा उतरायच्या आत, आत सारायचे. वरचं तोंड आधी धरतं आणि अंगठा आहे तसा राहतो. तसा घाणा उतरला तेव्हा त्यांनी ट्रे खाली माझ्याकडे आणला. प्रत्येक नानकटाईवर त्यांचा तो रुंद अंगठा, खोल, शिक्क्यासारखा उठलेला.

"अडतीत उगं न्हाय दिवस काढलं," ते म्हणाले. ती गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

श्रावणात दानेश्वरी आली. अण्णांचं तिला आल्या आल्या सगळं सांगून झालं: रेघा, नागीण, पंखा. दुपारी मला वर बोलावलं. अण्णांनी आंघोळ, पूजा करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. ओव्हन तापत होता. बरणी घासून, पुसून ओट्यावर ठेवलेली.

त्यांनी डबा उघडला. बारा गोळे, वर पांढरा बर्फाचा थर. मधोमध अंगठ्याच्या जागी तो जरा जास्त साठलेला, इतकंच दिसत होतं. दानेश्वरीनं बोट पुढं केलं तर ते ओरडले, "हात लावू नगो. गारठा उतरंल." एकेक नानकटाई उचलून ट्रेवर ठेवली, ट्रे मधल्या खणात सारला, दार लावलं. बटण दोन्ही रेघांवर होतंच. आत पिवळा उजेड होता, आणि आम्ही तिघं काचेपुढं बसलो, अण्णा जमिनीवर, अगदी जवळ.

आधी बर्फ वितळला. मग दिसलं.

मला दिसलं, आणि मला वाटलं माझं काही चुकतंय. अंगठे होते, पण इतके उथळ की नुसती सावली वाटावी. काहींवर तर बोट नुसतं टेकवून उचललेलं. मग तूप सुटायला लागलं, गोळे हळूहळू फुगले, आणि एकेक सावली वर येत सपाट झाली. अण्णांनी घाईनं बटण फिरवून वरची रेघ लावली, परत दोन्ही लावल्या. काही फरक पडला नाही. आग बरोबर होती. सगळं त्यांनी शिकल्याप्रमाणे केलं होतं.

ट्रे बाहेर आला तेव्हा बारा नानकटाया होत्या, गोल, बदामी, गुळगुळीत. भट्टीवर नेल्या असत्या तर कुणाच्या म्हणून ओळखू आल्या नसत्या.

"माझ्या नानकटायांवर कसा राहिला मग?" ते म्हणाले. "आग तीच. ट्रे त्योच. गारठा तेवढाच."

मला कळलं होतं. त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्यापुढं धरला, उलटा सुलटा करून बघितला. मग त्या गरम ट्रेच्या काठाशी तो हळूच टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला.

"जोर न्हवता तिच्या हातात," ते म्हणाले.

दानेश्वरीनं एक नानकटाई उचलली, तिचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि ती रडायला लागली. "अव्वाचीच चव हाय, अप्पा. अगदी तीच." तिला बिचारीला वाटलं, यानं बापाला बरं वाटेल.

त्यांनी ते ऐकलंच नाही. ते मला म्हणाले, "एवढं पीठ मळलं तिनं. शेरभर. सकाळधरनं बसलीती. मधनंच भिंतीला टेकत हुती. मी म्हनलं, आवर की लवकर, फराळाचं कवा करणार?" थोडं थांबून म्हणाले, "आन् हसलो की मी. अंगठा कशाला म्हनलो."

मी म्हटलं, "अण्णा, तुमाला काय माहीत? कुणालाच कळलं न्हाय." मलाही आठवलं, ती डबा दाखवायला खाली आली होती तेव्हा कठड्याला धरून उतरली होती, आणि मी तिला चेष्टेनं म्हातारी म्हटलं होतं.

डॉक्टर खोटं बोलतोय, असं ते त्यानंतर कधी म्हणाले नाहीत. दिवाळीचं ते वाक्यही परत कुणाला ऐकवलं नाही. त्या दुपारी मात्र त्यांनी रिकाम्या बरणीला झाकण लावलं, ती फळीवर ठेवली, आणि मुलीकडे न बघता, एवढ्या हळू आवाजात बोलले की त्यांचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

"दानू, मी घरातच हुतो की गं."