मे महिन्यातला नाताळ

माया घाटनांदूरच्या स्टेशनवर उतरली तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण फलाटावर पाय ठरत नव्हता. कुवेतच्या हॉस्पिटलात शेवटची पाळी संपवून ती तशीच विमानतळावर गेली होती. मग हैदराबाद, मग ही आगगाडी. दोन दिवसांत पाठ जमिनीला लागली नव्हती. धाकटा भाऊ सतीश ऑटो घेऊन न्यायला आला होता. बॅग उचलता उचलता त्यानं सांगून टाकलं, "ताई, उद्या नाताळ हाय बरं का. समद्यांला सांगून ठिवलंय."

मे महिन्याची सतरा तारीख होती.

परक्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण या घरात आता त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी माया नर्स म्हणून कुवेतला गेली. तिच्या वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त नर्स ख्रिस्ती, बहुतेक केरळच्या. डिसेंबर आला की रजेसाठी नुसती झुंबड. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, तुला काय, ना नवरा ना लेकरं, तू उन्हाळ्यात जा. माया भिडेखातर हो म्हणाली आणि कायमची अडकली. तेव्हापासून पंचवीस डिसेंबर म्हणजे तिची हमखास ड्यूटी. घरच्यांचा नाताळ ती औषधांच्या खोलीत उभी राहून मोबाइलवर बघायची, तोही चार मिनिटं.

पहिल्यांदा ती मे महिन्यात घरी आली तेव्हा तिची आई भिवराबाई म्हणाली होती, "माजं लेकरू नव्हतं, तर आमी कसला नाताळ केला?" आणि भर उन्हाळ्यात तिनं करंज्या तळायला घेतल्या. तेव्हा सगळ्यांनाच मजा वाटली. मायेपोटी सुरू केलेलं काही बंद करायचं म्हणजे महाकठीण काम. दुसऱ्या वर्षी पुन्हा करंज्या झाल्या, तिसऱ्या वर्षी शेजारीपाजारी आले, चौथ्या वर्षी चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले आणि त्याची रीतच पडून गेली. डिसेंबरात एक नाताळ, माया येईल तेव्हा दुसरा.

ऑटोत बसल्यावर मायानं डोळे मिटले. तिला या खेपेला घरात एकच गोष्ट सांगायची होती. मी आता परत जाणार नाही. एवढंच. जून संपायच्या आत नव्या करारावर सही करायची होती आणि ती तिला करायची नव्हती. पेशंटला उचलून उचलून कंबर गेली होती. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती आठ बायकांच्या खोलीत वरच्या पलंगावर झोपत होती. रोज दुसऱ्यांच्या आईबापांना न्हाऊमाखू घालताना आपली आई आठवते म्हणून नव्हे, तर आता कुणाचीच आठवण यायला त्राण उरलं नाही म्हणून ती घाबरली होती. आगगाडीत तिनं ते वाक्य दहा वेळा मनात घोळवलं होतं.

"वर तुज्यासाठी खोली काढायलोत," सतीश समोरून म्हणाला. "पुढच्या बारीला आलीस की वरच झोपायचं. पार कूलर-बिलर."

पुढच्या बारीला. मायानं वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सतीशची बायको रोहिणी उठून कढईपुढे बसली होती. माया बाहेर आली तेव्हा दारावर कागदाची चांदणी लागली होती आणि ओसरीत बाभळीची फांदी डब्यात रोवून उभी केली होती. तिच्या काट्यांना घरचाच कापूस लावला होता. बर्फ म्हणून. या कामाला बाभूळ फार सोयीची, कापूस अजिबात पडत नाही. कूलर नुसता गरम वारा फेकत होता, कारण टँकरचं पाणी पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं.

"रोहिणी, सर तू. मी तळते," माया म्हणाली.

"नगं ताई. तुमी पाव्हण्या. तुमचाच तर नाताळ हाय." रोहिणीनं पदरानं मान पुसली. तिचे डोळे मायाच्या डोळ्यांइतकेच तांबारले होते.

माझा नाताळ, माया मनात म्हणाली. मला तर दुपारपर्यंत झोपायचं होतं. पण हे बोलणार कसं? चार किलोचं मटण आलं होतं. शेजारच्या छबुबाई आपल्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन केव्हाच्या येऊन बसल्या होत्या. "बाई, तू मोठ्या दवाखान्यातली. जरा बघून सांग," म्हणत त्यांनी तो तिच्या हातात दिला. मायानं तो उजेडात धरला. दर वर्षी तोच गुडघा असायचा. तेल लावा, खाली बसू नका, असं तिनं दर वर्षीचंच सांगितलं.

अकराच्या सुमाराला ओसरी भरली. पाळकसाहेब घामाघूम होऊन आले, खुर्चीत बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले. गव्हाणीतल्या बाळाचं गाणं झालं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि आत बायका थंडीच्या रात्रीचं गाणं म्हणताहेत. लहान पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होती. मोठी माणसं हसत नव्हती. ती सवयीनं गात होती.

मग प्रार्थना. तिचा शेवट मायाला पाठ होता. पाळकसाहेब दर वर्षी आभार मानायचे, तिच्या प्रवासासाठी, तिच्या हातांसाठी, आणि मग आवाज चढवून मागायचे, "हे प्रभो, आमच्या या भगिनीचा करार वाढू दे. परदेशात तिला टिकवून ठेव." सगळी ओसरी आमेन म्हणायची. माया सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. मनात नसलेलं मागतोय याची लाज वाटायची, म्हणून ती आवाज वाढवायची. देवालाही ऐकू जावं आणि आईलाही, की मी खुशीत आहे.

तिनं डोळे मिटले. शेजारी भिवराबाई मांडी घालून बसली होती, तिचा खांदा मायाच्या दंडाला लागत होता.

"...हे प्रभो, आमच्या या भगिनीचा करार वाढू दे," पाळकसाहेब म्हणाले, "परदेशात तिला टिकवून ठेव."

"आमेन!" सतीश म्हणाला. रोहिणी म्हणाली, ओसरी म्हणाली, छबुबाईंनीसुद्धा हात जोडले.

मायाचं तोंड उघडलंच नाही. तिनं काही ठरवलं नव्हतं, शब्द आलाच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूला शांत होतं. आणि त्या शांततेत तिच्या ध्यानात आलं, की शेजारूनही काही आवाज आलेला नाही. तिनं डोळे उघडून पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले होते.

जेवणं उरकली. पाळकसाहेब करंज्यांचा डबा घेऊन गेले, पाहुणे पांगले, सतीश जिथं बसला होता तिथंच आडवा झाला. रोहिणी लेकराला घेऊन आतल्या खोलीत लवंडली. भांड्यांच्या ढिगाशी भिवराबाई आणि माया दोघीच उरल्या. माया पातेलं घासायला बसली, पण हात चालेना.

"आई, तू आमेन म्हणली न्हाईस."

भिवराबाई ताटं विसळत होती. तिनं मान वर केली नाही. "कवा?"

"आत्ता. पाळकसायेब करार वाढू दे म्हणले तवा."

"मी कवाच म्हनले न्हाई."

"कवाच म्हंजे?"

"इतकी वरसं झाली. एकदाबी न्हाई." तिनं एक ताट पालथं घातलं, मग दुसरं. "मला ते मागू वाटत न्हाई. देवानं माजं ऐकलं असतं तर?"

मायाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला आईचा राग आला, इतका राग की तो हातातल्या पातेल्यावर निघाला. ते आदळून ती म्हणाली, "मग बोलली कावून न्हाईस? एका शब्दानं तरी सांगायचं! मी तिकडं मरायलेय आई. मला न्हाई जायचं परत."

तिकडे सतीश उठून बसला होता. रोहिणी दारात आली होती. मायाला जे वाक्य दहा वेळा घोळवूनही जमलं नव्हतं, ते भांडल्यासारखं सगळ्या घरापुढे पडलं होतं.

भिवराबाईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि मायाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"मी कशी बोलू बाई," ती म्हणाली, "समद्यात जोरात आमेन तर तूच म्हनायचीस."