उजवीकडची सीट

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर "आता बसला" असं लिहायलाही हात धजत नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधायची की नाही यावरून घरात वाद झाला तर मी कायम "नाही"च्या बाजूला. या ग्रुपवर गेली काही वर्षं तुमचे अनुभव वाचतोय आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात कारण शोधतो... थकवा असेल, वारा असेल, भास असेल. आता तुम्हीही तेच करा. मी लिहितोय त्यात कारण शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये सांगा. खरंच उपकार होतील.

मी पनवेलचा. वय सत्तेचाळीस. जासईला एका कंटेनर यार्डात ऑपरेशन्स बघतो. बायकोचं नाव वैशाली, तिचं माहेर ओवे गावात, खारघरच्या अगदी कडेला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

मला जुन्या लष्करी गाड्यांचं वेड. नाशिककडच्या एका म्हाताऱ्या कलेक्टरच्या शेडमध्ये मला ही गाडी दिसली. जीपसारखीच, पण हलकी. हेलिकॉप्टरखाली टांगून नेता यावी म्हणून मुद्दाम कमी वजनाची बनवलेली. दरवाजे, काच, टप, सगळं बोल्ट काढले की सुटं होतं. आपल्याकडे अशा किती असतील कल्पना नाही, मी तरी दुसरी पाहिलेली नाही. कुठल्या सैन्यात होती, कोण चालवायचं, एकही कागद नाही. इंजिन जाम, चासी गंजलेली. आणि स्टिअरिंग डावीकडे! म्हणजे ड्रायव्हर डावीकडे आणि शेजारचा माणूस उजवीकडे. हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

गाडी ठेवायला जागा दिली माझ्या मेव्हण्याने, जनार्दनने. ओव्याला त्याच्या घरामागे मोठा प्लॉट आहे, मुरूम टाकून सपाट केलेला, कडेला पत्र्याची शेड. तळोज्याचे गफूरभाई मेकॅनिक म्हणून मिळाले. दर रविवारी मी आणि गफूरभाई त्या शेडमध्ये. अडीच वर्षं! पार्ट मिळायचे नाहीत, मग ते लेथवर बनवून घ्यायचे. गाडीचे कागद अजून व्हायचे होते, त्यामुळे रस्त्यावर काढायची नाही, फक्त प्लॉटमध्ये फिरवायची असं ठरलेलं.

वैशालीला हे आवडत नव्हतं. ती म्हणायची, "रविवारी मला माहेरी आणता आणि स्वतः गाडीखाली जाता. आई विचारते जावई कुठेत, तर काय दाखवू? शेडमधले पाय?" मी हसण्यावारी न्यायचो. नंतर नंतर ती हसेनाशी झाली. एका रविवारी तिच्या आईला चक्कर आली, दवाखान्यात न्यायचं होतं आणि मी ग्राइंडरच्या आवाजात तिचे सात कॉल ऐकले नाहीत. त्यानंतर आमच्यात जे काही बिघडलं ते बिघडलंच. कामापुरतं बोलणं.

गाडी सुरू झाली त्या महिन्यात एक बारीकशी गोष्ट घडायची. उजवीकडच्या सीटवर काहीही ठेवलं की ते खाली जमिनीवर सापडायचं. पान्यांची पेटी, माझी बॅग, एकदा ग्रीसचा डबा. मी म्हटलं नवीन रेग्झिन आहे, घसरत असेल. इंजिनची थरथरही होतीच.

मग तो रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. गाडीला रंग लागला होता, टप चढवला होता. दरवाजे अजून गफूरभाईंच्या गॅरेजमध्ये रंगायला होते, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या. मी वैशालीला म्हटलं, "चल, एक राउंड. पहिला मान तुझा."

"मला नको तुमचा मान."

"जनादादा बघतोय. चल."

बसली. तोंड फिरवून. मी प्लॉटच्या कडेकडेने गाडी घेतली, वेग सायकलइतका. आणि त्या पाच मिनिटांतही आम्ही भांडलोच! ती म्हणाली, आई त्या दिवशी गेली असती तर तुम्ही ग्राइंडर बंद करून आला असता का? मी म्हटलं, दरवेळी तेच उगाळायचं असेल तर उतर खाली. शेवटच्या कोपऱ्यावर मी वळण घेतलं. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, वळवताना दोन्ही हात आणि खांदे लावावे लागतात. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. हे मी देवासमोर, कोर्टासमोर, कुठेही सांगायला तयार आहे.

आणि वैशाली शेजारी नव्हती.

ओरडलीसुद्धा नाही. मी ब्रेक दाबला, उतरून धावलो. ती गाडीपासून चांगली पाच-सहा फूट लांब मुरुमात पडली होती, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. मी तिला उचलायला वाकलो तर तिने दुसऱ्या हाताने मला मागे लोटलं.

"तू ढकललंस मला."

एकोणीस वर्षांत तिने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"वैशू, मी हात तरी..."

"गिअरवरचा हात उचललास आणि ढकललंस. तुझा हात लागला मला इथे." तिने डावा दंड दाखवला. "शिवू नकोस मला. दादाऽऽ!"

जनार्दन शेडपाशी होता. तो आला, तिला उचललं, माझ्याकडे बघितलंही नाही. मनगटाचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दंडावर काळानिळा डाग उमटला... तळहाताएवढा. मी तो पाहिला.

वैशाली माहेरीच राहिली. त्याच संध्याकाळी जनार्दन मला फाटकाबाहेर घेऊन गेला.

"दाजी, खरा सांगा. हात लावला का नाय तुमी?"

"नाही लावला. तू होतास ना तिथे. तू काय पाहिलंस?"

"मी मागं होतो. टप हाय वर, तुमचे हात मना कशे दिसतील? पण तिला पायली मी. माणूस पडतो तशी नाय पडली ती. कोनी फेकल्यावानी गेली. सायकलच्या स्पीडला कोन पडतं सहा फूट लांब?"

"म्हणून मी ढकललं?"

"मंग कोनी? गाडीत तिसरा होता कोन?" आणि मग माझ्या अगदी तोंडाजवळ येऊन, "बहीण बोलली तर आजच पोलिसांत जाईन मी. ती बोलत नाय म्हनून गप हाय. गाडी उचला हितून."

त्याने शेडला स्वतःचं कुलूप लावलं.

कसंबसं एका दिवसासाठी शेड उघडून घेतली आणि गफूरभाईंना बोलावलं. मला कारण हवं होतं, काहीही चाललं असतं. सैल बोल्ट, तुटकी स्प्रिंग, वाकलेली फ्रेम. गफूरभाईंनी सीट पूर्ण उतरवली, लेव्हल लावून बघितली, परत बसवली, स्वतः त्या सीटवर बसले आणि मला तोच कोपरा चार वेळा वळायला लावला. ते हललेसुद्धा नाहीत.

"साहेब, चारही बोल्ट टाइट. फ्लोअर एकदम लेव्हल. माणूस फेकला जाईल असं हिच्यात काहीच नाही," हात पुसत ते म्हणाले.

"मग कसं झालं?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आता वर खुदाला ठाऊक, खाली तुम्हाला."

अडीच वर्षं एका डब्यातलं जेवलेलो आम्ही. त्या दिवशी चहा न घेता गेले.

सात आठवडे मी पनवेलच्या घरी एकटा. रोज एकच विचार. मी रागावलेलो होतो, "उतर खाली" म्हणालोही होतो. रागाच्या भरात माणसाचा हात उठतो आणि त्याला आठवत नाही, असं होतं का? मी हा प्रश्न एका डॉक्टर मित्रालासुद्धा विचारला. तो म्हणाला, "तुला स्वतःला काय वाटतं?" मी फोन ठेवला.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. "रविवारी ओव्याला या. गाडी मी चालवणार. तुम्ही त्या सीटवर बसा." परत 'तुम्ही' होतं, पण परक्या माणसाला म्हणतात तसं.

"कशासाठी?"

"तुम्ही रोज मेसेज करता ना, गाडीने केलं म्हणून. मग बघू."

ती कार चांगली चालवते. आईला घेऊन जनार्दन कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता, तिने मुद्दाम तोच दिवस निवडलेला, शेडची किल्लीही काढून ठेवलेली. भर दुपार. मी म्हटलं दरवाजे लावू, गफूरभाईंकडून मागवतो. "नाही. होतं तसंच," ती म्हणाली.

मी उजवीकडे बसलो. पाय घट्ट रोवले, टपाची दांडी धरली. ती अवजड स्टिअरिंगशी झटत हळूहळू चालवत होती. एक राउंड झाला. दुसरा झाला. मी तिच्या हातांवरून नजर काढली नव्हती. मनगट अजून दुखत असावं, उजवा हात गिअरवर ठेवताना ती ओठ आवळायची. तिसऱ्या राउंडला ती एकदम म्हणाली, "माझ्या हातांकडे काय बघताय? समोर बघा."

मी समोर बघितलं.

डाव्या खांद्याखाली हात बसला. होय, हातच. बोटं पसरलेला, कोरडा, शर्टातून जाणवावा इतका गरम. धक्का नव्हता तो, दाबून, ठरवून ढकलणं होतं. माझी दांडीवरची मूठ सुटली. मुरुमावर आपटलो तेव्हा उजव्या खांद्यात कड् आवाज झाला. कॉलरबोन.

गाडी पुढे जाऊन थांबली. वैशाली उतरून धावत आली. आणि मी तिथे पडल्या पडल्या तिच्याकडे पाहिलं तेव्हा माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला खात्री होती की तिनेच ढकललं. शंका नाही, खात्री! मला "समोर बघा" सांगितलं आणि ढकललं. सूड.

ती गुडघ्यावर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी नाही. अहो, मी नाही... शपथ," असं म्हणत राहिली.

मी हेच तर तिला सात आठवडे सांगत होतो. आणि तेव्हा तिला माझं बोलणं कसं ऐकू येत असेल ते मला त्या क्षणी कळलं. कारण मलाही तिचं खरं वाटत नव्हतं.

"माहीत आहे," मी म्हणालो. खोटं बोललो.

तिने आमच्या कारमधून मला हॉस्पिटलला नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "पडले." मी मान हलवली. घरी आल्यावर आरशात बघितलं तर दंडावर तसाच डाग. ती आरशात माझ्या मागे उभी होती. तिनेही पाहिला. त्या रात्रीपासून ती पनवेलला राहायला आली. समेट वगैरे काही नाही. मला एका हाताने जेवता येत नव्हतं, एवढंच.

गाडी मी साताऱ्याच्या एका हौशी माणसाला दिली. त्याला सगळं सांगितलं, अगदी इथे लिहिलंय तसं. तो हसला. म्हणाला, साहेब, माझ्या बायकोला कोणी ढकलून दाखवावं.

मध्यंतरी त्याने व्हिडिओ पाठवला. घाटातला रस्ता, गाडी मस्त पळतेय, दरवाजे काढलेले, आणि उजवीकडच्या सीटवर त्याची बायको पाय बाहेर सोडून मजेत बसलेली. खाली लिहिलं होतं: वर्ष होत आलं, काही नाही, कधीच काही नाही.

मी तो वैशालीला दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला. फोन परत देताना शांतपणे म्हणाली, "म्हणजे गाडीत नव्हतं."

आम्ही एकत्र राहतो, सण करतो, लग्नाकार्याला जातो. आमच्या कारमध्ये मात्र ती मागच्या सीटवर बसते. कोणी विचारलं तर सांगते, पुढे ऊन लागतं.